व्हॉल बदलून घरी आल्यावर

नाशिक, छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबईहून हृदयाचा व्हॉल बदलून माणूस जळगाव जिल्ह्यातल्या बोदवडला परततो, तेव्हा घरच्यांनी मनातल्या मनात नारळ फोडलेला असतो. मोठं संकट टळलं, आता आराम आणि चांगलंचुंगलं खाणं. सर्जनचं काम खरोखरच काही तासांत उरकलेलं असतं. पण इलाज अर्धाच झालेला असतो. उरलेला अर्धा बोदवडलाच व्हायचा असतो, आणि तिथे हृदयविकारतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर नसतो.

या ऑपरेशननंतरच्या बऱ्याच गुंतागुंती वाजतगाजत येत नाहीत. त्या साध्या दुखण्याचा वेष घेऊन येतात: थोडा ताप, खोकला, अशक्तपणा, पाठदुखी. अडचण अशी की या साध्या दुखण्यांवरचे आपले नेहमीचे उपाय, म्हणजे कमरेत एक सुई, एक सलाईन, दुखण्याची एक गोळी, हेच या रुग्णाला भोवतात. कधी ते आजार झाकून ठेवतात, कधी नवा आजार उभा करतात. बाकी सगळं विसरलं तरी चालेल, एवढं लक्षात असू द्या.

कोणता व्हॉल बसवलाय?

घरातल्या एकाला तरी याचं उत्तर पाठ हवं. व्हॉल दोन जातींचे. एक धातू-कार्बनचा, म्हणजे मेकॅनिकल. तो टिकाऊ असतो, पण त्याच्यावर रक्त गोठू नये म्हणून जन्मभर गोळी घ्यावी लागते. दुसरा गाय-डुकराच्या ऊतींपासून बनवलेला. त्याला बहुधा तीन ते सहा महिनेच गोळी लागते, पण तो साधारण दहा-पंधरा वर्षांत झिजतो आणि तरुण रुग्णात त्याहून लवकर. म्हणून पंचविशी-तिशीतल्या रुग्णाला बहुतेकदा मेकॅनिकल बसवतात.

देशी मेकॅनिकल व्हॉल तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या चमूने घडवला. आधीचे नमुने बाद करत करत हाती आलेला व्हॉल ६ डिसेंबर १९९० रोजी पहिल्यांदा माणसाला बसवला गेला. टीटीके चित्रा या नावाने तो देशभर वापरला जातो. त्याची चकती प्लास्टिकची, त्यामुळे तो फारसा वाजत नाही. दुसऱ्या बनावटीचा व्हॉल रात्री उशीवर डोकं ठेवलं की घड्याळासारखा टिकटिकतो. शेजारच्याचा वाजतो आणि आपला वाजत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. मात्र आपला रोज वाजणारा व्हॉल एकाएकी दबक्या आवाजात वाजू लागला, तर तो धोक्याचा इशारा असतो. त्याविषयी पुढे.

छातीचं हाड आणि पाण्याचा हंडा

ऑपरेशनसाठी छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि नंतर स्टीलच्या तारांनी बांधतात. ते धरायला सहा ते आठ आठवडे लागतात, पुरतं भरायला तीन महिने. तोवर चार-पाच किलोच्या वर वजन उचलायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण बोदवडला नळाला पाणी किती दिवसांआड येतं, हे बोदवडकरांना सांगायला नको. पाणी आलं की घरातली बाई ऑपरेशन विसरून हंड्याला हात घालते, आणि भरलेला हंडा दहा-बारा किलोच्या खाली नसतो. म्हणून डिस्चार्जच्या आधीच घरात ठरवून टाका, तीन महिने पाणी कोण भरणार. 'मी हळूहळू भरते' हे उत्तर मान्य करू नका. हापसा, पोतं, कडेवरचं नातवंड, ट्रॅक्टरची सीट आणि मोटरसायकल यांनाही हाच नियम.

खोकताना छातीशी उशी घट्ट धरा. खोकताना किंवा कूस बदलताना हाडात कटकट जाणवली, जखमेतून पाणी किंवा पू आला, कडा लाल झाल्या, तर गावात पट्टी बदलत बसू नका; ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच दाखवा. मधुमेह असेल तर दुप्पट सावध राहा.

पहिल्या दीड महिन्यातली गडबड

व्हॉलच्या ऑपरेशननंतर साधारण तिघांतल्या एकाच्या हृदयाची लय बिघडते. छातीत पाखरू फडफडल्यासारखं होतं, नाडी वेडीवाकडी चालते. बहुतेकदा हे दवाखान्यात असतानाच, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी होतं आणि औषधाने आटोक्यात येतं. पण घरी आल्यावर पुन्हा सुरू झालं तर 'गॅस असेल' म्हणून सोडा पिऊन गप्प बसू नका. लय बिघडलेल्या हृदयात रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की लकवा.

याहून फसवी गोष्ट म्हणजे हृदयाभोवतीच्या पिशवीत साठणारं रक्त किंवा पाणी. रक्त पातळ करायची गोळी चालू असते, त्यामुळे डिस्चार्जनंतर आठवड्या-दोन आठवड्यांनीही ते हळूहळू साठू शकतं. रुग्णाला गळून गेल्यासारखं होतं, उभं राहिलं की भोवळ येते, लघवी कमी होते, आडवं पडलं की दम लागतो. भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणतो, एवढं मोठं ऑपरेशन झालंय, अशक्तपणा राहणारच. खरं तर अशक्तपणा रोज थोडाथोडा कमी व्हायला हवा. मागच्या आठवड्यात अंगणात फिरणारा माणूस या आठवड्यात मोरीपर्यंत जाताना टेकतोय, तर गाडी उलटी चाललीय. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केली की काही मिनिटांत उलगडा होतो, आणि पाणी काढलं की माणूस त्याच दिवशी मोकळा श्वास घेतो. काढलं नाही तर जीवावर बेततं.

काहींना याच काळात बारीक ताप आणि श्वास घेताना टोचणारी कळ येते. ती शरीराच्या प्रतिकारातून आलेली सूज असते आणि औषधाने जाते, पण तसं ठरवायचं डॉक्टरांनी. महाधमनीच्या व्हॉलच्या अगदी शेजारून हृदयाच्या विजेची वायर जाते. तिला धक्का लागला तर नाडी फार मंद होते आणि काहींना पेसमेकर बसवावा लागतो. घरच्यांनी एवढंच करावं: रोज सकाळी उठल्यावर वजन, नाडी आणि ताप एका वहीत लिहावा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं तर ते बाळसं नव्हे, अंगात साठलेलं पाणी आहे.

ताप आला तर

कृत्रिम व्हॉलवर जंतूंनी बस्तान बसवलं तर त्याला एंडोकार्डायटिस म्हणतात. सगळ्यांनाच होतो असं नाही, पण झाला तर या ऑपरेशननंतरच्या सगळ्यात वाईट गोष्टींपैकी तो एक. पहिल्या वर्षात धोका जास्त, पुढे कमी होतो, संपत मात्र नाही. सुरुवात अगदी सौम्य होते: संध्याकाळी अंग मोडून येतं, ९९-१०० ताप, रात्री घाम, भूक नाही.

आता गावातलं नेहमीचं चक्र पाहा. पहिल्या दिवशी कुणीतरी अँटिबायोटिकची सुई देतो. ताप उतरतो. आठवड्याने पुन्हा चढतो. विडाल तपासणीत काहीतरी निघतं, टायफॉइडचा कोर्स होतो, सलाईन होतं. पुन्हा उतरतो, पुन्हा चढतो. महिन्याने रुग्ण मोठ्या दवाखान्यात पोचतो तेव्हा रक्तातले जंतू अर्धवट औषधाने दबलेले असतात. कल्चरमध्ये काहीच उगवत नाही आणि कुठलं औषध लागू पडेल हे डॉक्टरांना कळत नाही. व्हॉल तोवर सैल झालेला असू शकतो.

म्हणून नियम असा: व्हॉल बदललेल्या माणसाला कारण स्पष्ट नसलेला ताप आला, तर अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात किंवा नसेत जाण्याआधी रक्ताचं कल्चर घ्यायचं, तेही वेगवेगळ्या जागांवरून, साधारण तीन वेळा. आपल्या डॉक्टरांना हे सांगण्यात उद्धटपणा नाही. "डॉक्टरसाहेब, यांचा व्हॉल बदललेला आहे, आधी कल्चर पाठवू या" एवढं म्हणा. ते तुमचे आभारच मानतील. निदान पक्कं झालं तर साधारण सहा आठवडे नसेतून औषध घ्यावं लागतं आणि काहींना पुन्हा ऑपरेशन.

पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाही असतोच. डेंग्यूत प्लेटलेट घसरतात आणि इकडे रक्त पातळ करायची गोळी चालू, म्हणजे रक्तस्राव दोन्हीकडून. अशा तापात गोळीचं काय करायचं हे त्याच दिवशी फोन करून विचारा, मनाने बंद करू नका.

जंतू आत शिरायची मोठी वाट म्हणजे तोंड. किडलेले दात, सुजलेल्या हिरड्या, मिश्री आणि तंबाखू. ऑपरेशननंतर दात काढायचा किंवा हिरड्यांचं काम करायचं असेल तर साधारण तासभर आधी अँटिबायोटिकचा एक डोस घ्यायचा असतो. दातांच्या डॉक्टरांना फाईल दाखवा आणि बसस्टँडजवळ दात काढून देणाऱ्यापासून लांब राहा.

रक्त पातळ ठेवायची गोळी

या गोळीची कुळकथा शेतकऱ्यांना आवडेल. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात कुजलेला चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत होती. १९३३ च्या फेब्रुवारीत एक शेतकरी हिमवादळातून मेलेली कालवड, चारा आणि दुधाच्या कॅनमधलं न गोठणारं रक्त घेऊन विद्यापीठात पोचला. कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्यातलं द्रव्य वेगळं काढलं. त्यातून बनलेलं वॉरफेरिन १९४८ मध्ये उंदीर मारायला बाजारात आलं आणि १९५४ पासून माणसांना दिलं जाऊ लागलं. आपल्याकडे वॉरफेरिन किंवा त्याचीच बहीण असिनोकुमॅरॉल देतात. उंदराचं औषध म्हणून नाक मुरडू नका. व्हॉल चालू राहतो तो याच गोळीच्या जोरावर. नव्या पिढीतल्या, तपासणी न लागणाऱ्या गोळ्या मेकॅनिकल व्हॉलला चालत नाहीत. डॅबिगाट्रानची त्यासाठी चाचणी झाली होती, पण गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने ती मध्येच थांबवावी लागली.

गोळी किती लागू पडतेय हे आयएनआर या आकड्यावरून कळतं. गोळी न घेणाऱ्याचा आयएनआर १ च्या आसपास असतो. महाधमनीच्या मेकॅनिकल व्हॉलला तो साधारण २ ते ३, डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या मायट्रल व्हॉलला २.५ ते ३.५ ठेवतात. तुमचा आकडा फाईलवर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. कमी झाला तर गुठळी, वाढला तर रक्तस्राव. सुरुवातीला दर आठवड्याला तपासणी, बसला की महिन्याने.

तपासणीतही एक मेख आहे. रक्त निळ्या झाकणाच्या नळीत घेतात. तिच्यात रक्त गोठू न देणारं द्रव मोजून भरलेलं असतं, नऊ भाग रक्ताला एक भाग. नस सापडली नाही म्हणून नळी अर्धीच भरली तर द्रव जास्त पडतं आणि आयएनआर खोटाच वाढलेला दिसतो. त्या खोट्या आकड्यावर गोळी कमी केली तर व्हॉलवर गुठळी. म्हणून नळी खुणेपर्यंत भरलीय का, हे स्वतः बघा. रक्त बाहेरगावच्या लॅबला जाणार असेल तर ते त्याच दिवशी पोचेल अशी वेळ धरा, आणि शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये करा.

मग येतो थंडीचा मोसम आणि भरीत पार्ट्या. काट्यांवर भाजलेली वांगी, ठेचलेली मिरची, शेंगदाणे आणि वरून मूठमूठ कांद्याची पात अन् कोथिंबीर. वांग्याचा दोष नाही. पात, कोथिंबीर, मेथी, पालक, पोकळा यांत के जीवनसत्त्व भरपूर, आणि तेच या गोळीचं काम उलटवतं. वर्षभर हिरवी भाजी टाळणाऱ्याने डिसेंबरात सलग चार भरितं हाणली तर आयएनआर घसरतो. पालेभाजी बंद करा असा सल्ला अनेक जण देतात, तो मला पटत नाही. रोज साधारण सारखीच हिरवी भाजी खा, डोस तिच्या हिशोबाने बसेल. भरीतही खा, पण पात बेताने. उलट बाजूने श्रावण-नवरात्राचे कडक उपास, जुलाब आणि दारू यांनी आयएनआर वाढतो.

डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, कॉम्बिफ्लॅम या गोळ्या पोटात रक्तस्राव घडवतात. कापूस वेचून कंबर दुखली तर पॅरासिटामॉल घ्या, तीही दोन-चार दिवसच. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांना हातही लावू नका. जुलाबावरची मेट्रोनिडाझोल आणि कोट्रायमॉक्साझोल आयएनआर वाढवतात, टीबीची रिफाम्पिसिन पार खाली आणते. असं कुठलंही नवं औषध सुरू झालं की चार-पाच दिवसांत आयएनआर करा. एखादा डोस चुकला तर त्याच दिवशी आठवताच घ्या, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

डांबरासारखी काळी शौच, लाल लघवी, दाबूनही न थांबणारं नाकातलं रक्त यांत वाट पाहू नका. डोक्याला मार लागला तर माणूस बोलता-चालता असला तरी सीटी स्कॅन करून घ्या.

व्हॉल अडकला तर

आठ-दहा दिवस गोळीचा खाडा, आणि मग अचानक दम, खोकल्यातून गुलाबी फेस, बंद झालेली टिकटिक. गुठळीने व्हॉलची पाकळी जाम केली की हे चित्र दिसतं. हे गावात सावरणारं दुखणं नाही. १०८ ला फोन करा आणि पहिल्याच वाक्यात सांगा, "मेकॅनिकल व्हॉल आहे, गोळी सुटली होती." तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं यांतही तसंच. गोळी सुटण्याची कारणं बहुधा साधीच असतात: पट्टी संपली, गावात मिळाली नाही, लग्नाला गेलो तिथे राहून गेली. दोन आठवड्यांच्या गोळ्या कायम जादा ठेवा.

मे महिना, लघवीची गोळी आणि केळी

भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्याची पंचाईत होते. पाणी कमी प्या सांगितलेलं, घाम धो धो, रक्तदाब पडतो. गोळीचा डोस उन्हाळ्यापुरता बदलायचा का, हे एप्रिलच्या तपासणीतच विचारून घ्या. आणखी एक खास आपल्याकडचं: स्पायरोनोलॅक्टोन ही लघवीची गोळी चालू असताना रोज चार-सहा केळी खाल्ली तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडू शकते. रावेर-यावलची केळी कितीही गोड असली तरी डॉक्टरांना विचारून एखादं. पापड, लोणचं, शेवभाजी यांतलं मीठ अंगात पाणी धरून ठेवतं.

मन आणि संसार

ऑपरेशननंतर चिडचिड, रडू, विसराळूपणा, रात्री भलतंसलतं दिसणं हे अनेकांना होतं आणि बहुतेकांचं ओसरतं. महिन्या-दीड महिन्यानंतरही माणूस कोपऱ्यात बसून असेल तर ते औषध लागणारं दुखणं आहे. नाटक म्हणून सोडून देऊ नका.

तरुण मुलींच्या बाबतीत घरचे ऑपरेशन लपवून लग्न उरकतात. पुढे दिवस राहतात आणि रक्त पातळ ठेवायची गोळी पोटातल्या बाळाला, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, व्यंग आणू शकते. ती परस्पर बंद केली तर आईच्या व्हॉलवर गुठळी. यातून वाट निघते, इंजेक्शनवर बदलता येतं, पण त्यासाठी दिवस राहण्याआधी डॉक्टरांना माहीत हवं आणि सासरला तर त्याहून आधी.

पैसा आणि फाईल

सरकारी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात धुळे होतं. जळगाव पुढच्या टप्प्यात आलं. आज ती महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे आणि व्हॉल बदलण्याचं ऑपरेशन तिच्यात बसतं. खर्चाचा खरा चटका नंतर बसतो: महिन्याची तपासणी, गोळ्या, इको, गाडीभाडं आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी. काही ऑपरेशननंतरच्या फेरतपासण्यांचीही योजनेत सोय आहे, म्हणून डिस्चार्जच्या दिवशी दवाखान्यातल्या योजनेच्या माणसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, गाठून विचारा. नंतर फोनवर विचारलं की कागद सापडत नाहीत. व्हॉलचं कार्ड, डिस्चार्जचा कागद आणि शेवटचे आयएनआर यांचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये असू द्या.

पेनिसिलिन थांबवू नका

तरुणपणी व्हॉल खराब होतो तो बहुतेकदा लहानपणच्या रुमॅटिक तापामुळे. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंनंतर तो येतो, सांधे सुजवतो आणि हृदयाला डसतो. अशा रुग्णाला दर तीन आठवड्यांनी १२ लाख युनिट बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू असतं. नवा व्हॉल बसला की घरचे म्हणतात, आता कशाला? कारण एकच व्हॉल बदललाय, बाकीचे जुनेच आहेत, आणि ताप पुन्हा आला तर त्यांचाही बळी जाईल. म्हणून ऑपरेशननंतरही ते चालूच ठेवायचं असतं, निदान चाळिशीपर्यंत, कित्येकांना जन्मभर.

यात एक पेच आहे. रक्त पातळ असताना कमरेतली सुई रक्ताची गाठ करू शकते, आणि हृदय फार कमजोर असेल तर इंजेक्शननंतर रक्तदाब कोसळण्याचीही भीती असते. म्हणून आधी आयएनआर बघायचा, रिकाम्या पोटी जायचं नाही, आडवं पडून घ्यायचं आणि नंतर जागा दहा मिनिटं दाबून धरायची. ज्यांना हे धोक्याचं, त्यांना पेनिसिलिनची रोज दोनदा घ्यायची गोळी देतात. कोणाला काय, हे हृदयविकारतज्ज्ञांकडून फाईलवर लिहून आणा, म्हणजे गावच्या आरोग्य केंद्रात सिस्टरला प्रश्न पडणार नाही.

आणि त्याच घरातल्या आठ-दहा वर्षांच्या पोराचा घसा तापासकट दुखत असेल तर मिठाच्या गुळण्यांवर भागवू नका. जंतू स्ट्रेप्टोकोकसचे असतील तर पेनिसिलिनचा पूर्ण दहा दिवसांचा कोर्स किंवा एकच इंजेक्शन लागतं. आज गुडघा, उद्या घोटा, परवा मनगट असं सांधेदुखीने ठिकाण बदललं तर त्याचाही इको करून घ्या.